हातचा एक

दुसरीतलं मूल हातच्याची बेरीज करत असताना त्याच्या शेजारी बसून कान द्या. "आठ नि सात पंधरा. पंधराचे पाच, हातचा एक." वहीत पाच उतरतो. एक मात्र लगेच कागदावर येत नाही. दशकाच्या घराकडे वळेपर्यंत मूल तो ओठांवर सांभाळतं. "हातचा एक, हातचा एक" असं दोन-तीनदा पुटपुटतं आणि मगच पुढच्या अंकाला हात घालतं. मध्येच कुणी हाक मारली की हातचा सुटतो आणि बेरीज चुकते.

हे बोलणं बाईंसाठी नसतं, शेजारच्या मुलासाठीही नसतं. मूल स्वतःलाच सांगत असतं. आपण मोठी माणसंही हेच करतो. कुलूप लावून जिना उतरताना "गॅस बंद, गिझर बंद, किल्ली घेतली" म्हणतो. सुईत दोरा जात नसला की सुईशी बोलतो. अनोळखी गल्लीत गाडी मागे घेताना "हळू, हळू, अजून थोडी" असं आपलं आपणच म्हणतो. एरवी मनात चाललेलं बोलणं काम अवघड झालं की पुन्हा ओठांवर येतं. नाटकातल्या पात्राच्या अशा बोलण्याला आपल्याकडे 'स्वगत' हा शब्द आहे आणि या पुस्तकात मी तोच वापरला आहे. नाटकातलं स्वगत प्रेक्षकांना ऐकू जावं म्हणून असतं, मुलाचं स्वगत त्याच्या हातातल्या कामासाठी असतं, हा फरक तेवढा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

काही मुलांना हे स्वगत वेळेवर साधत नाही, कारण त्यासाठी लागणारी भाषाच त्यांच्याकडे उशिरा आणि तुटक येते. हे पुस्तक त्या मुलांच्या आईवडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि बालवाडी ते चौथीपर्यंतच्या शिक्षकांसाठी आहे.

या मुलांना नीट ऐकू येतं. ती खेळतात, हसतात, माणसं ओळखतात, गाड्यांचे आवाज काढतात, मोबाइल तर आपल्यापेक्षा सराईतपणे चालवतात. पण चार वर्षांची झाली तरी दोन-दोन शब्दांत बोलतात. सहाव्या वर्षी "आई दुकान गेला" म्हणतात. शब्दाला प्रत्यय लावताना अडखळतात, लिंग-वचनाचा मेळ बसत नाही, काल घडलेली गोष्ट सांगताना सुरुवात आणि शेवट यांची गल्लत होते. जगभर या अवस्थेला वेगवेगळी नावं होती. २०१६-१७ मध्ये डॉरथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजीभाषक देशांतल्या पन्नासहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन एक नाव ठरवलं. मराठीत त्याला 'विकासात्मक भाषादोष' म्हणता येईल. हा दोष दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बालवाडीच्या वयाच्या मुलांची मोठी पाहणी झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. पुढे इंग्लंडमधल्या पाहणीतही आकडा त्याच्याच आसपास आला. या हिशेबाने साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुलं असतात.

या चार मुलांबद्दल घरी आणि शाळेत काय म्हटलं जातं, ते मी बावीस वर्षं स्पीच थेरपीचं काम करताना ऐकत आले आहे. "लक्षच नसतं त्याचं." "हट्टी आहे, मुद्दाम बोलत नाही." "जीभ जड आहे." "त्याचे काकाही उशिराच बोलले, बोलेल हळूहळू." या शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. भाषादोष घराण्यातून येऊ शकतो. पण म्हणूनच काकांचं उदाहरण हे थांबण्याचं कारण नव्हे, लवकर तपासून घेण्याचं कारण आहे. काका बोलले खरे, पण शाळा त्यांना कशी गेली हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

शाळेतला एक प्रसंग या मुलांच्या बाबतीत रोज घडतो. बाई सांगतात, "दप्तरातून निळी वही काढा, तारीख घाला आणि फळ्यावरचं उतरवून घ्या." बाकीची मुलं कामाला लागतात. हे मूल दप्तराची चेन उघडून तसंच बसून राहतं. बाईंना वाटतं, ऐकलंच नाही. त्याने ऐकलेलं असतं. इतर मुलं "निळी वही... तारीख..." असं तोंडात धरून कामापर्यंत पोहोचतात, तसं त्याला ते धरून ठेवता आलेलं नसतं. बेरजेतला हातचा सुटावा तशी सूचनाच हातून सुटते.

मुलांच्या स्वगताकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेल्याला आता शंभर वर्षं झाली. जिनिव्हात झां पियाजे यांनी सहा वर्षांच्या दोन मुलांचं बोलणं सुमारे महिनाभर टिपून घेतलं. त्यातलं निम्म्याला जरा कमी एवढं बोलणं कुणालाच उद्देशून नव्हतं. १९२३ च्या आपल्या पुस्तकात पियाजेंनी त्याला आत्मकेंद्री बोलणं म्हटलं. लहान मुलाला दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही म्हणून ते असं बोलतं, आणि समाजात मिसळलं की हे बोलणं गळून पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रशियात लेव्ह विगोत्स्की यांना हे पटलं नाही. त्यांनी साधाच प्रयोग केला. मुलं चित्र काढत असताना मुद्दाम अडचण निर्माण केली. कधी कागद कमी पडला, कधी हवा तो रंग मिळाला नाही. अडचण आली की मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट होत होतं. त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग मी पालकांना नेहमी सांगते. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्रामचं चित्र काढत होता. चाक काढताना त्याने पेन्सिल दाबली आणि टोक मोडलं. त्याने पुन्हा जोर लावला, पण कागदावर नुसता खोल ओरखडा उठला. मग तो स्वतःशीच "मोडली" असं म्हणाला. पेन्सिल बाजूला ठेवून त्याने जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढू लागला. चित्र कसं बदलायचं याबद्दल मध्ये मध्ये तो स्वतःशी बोलत होता. एका शब्दाने बेत बदलला. विगोत्स्कींचं म्हणणं असं, की मूल आधी माणसांशी बोलायला शिकतं, मग तेच बोलणं स्वतःकडे वळवतं, आणि शेवटी ते आत जाऊन विचार होतं. गळून काहीच पडत नाही, बोलणं फक्त मुक्काम बदलतं. विगोत्स्की १९३४ साली क्षयाने गेले तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. हे विचार मांडणारं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी छापलं गेलं. दोनच वर्षांत त्यांचं लेखन सोव्हिएत राजवटीच्या नजरेतून उतरलं आणि इंग्रजी वाचकांपर्यंत ते पुस्तक पोहोचायला १९६२ साल उजाडलं.

आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळ येतं ते त्यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांचं काम. यूरा आणि ल्योशा हे पाच वर्षांचे जुळे भाऊ सदानकदा एकमेकांच्याच सोबतीला असायचे. दोघांचं एकमेकांशी भागत होतं, त्यामुळे त्यांना फारशी भाषा लागतच नव्हती. उच्चार अस्पष्ट, शब्द थोडे, आणि तेही समोर काही घडत असेल तरच. खेळ म्हणजे वस्तू हाताळणं. 'आता आपण घर बांधू' असं आधी ठरवून केलेला खेळ त्यांच्याकडे नव्हता. लुरिया आणि त्यांच्या सहकारी युदोविच यांनी दोघांना बालवाडीच्या वेगवेगळ्या गटांत घातलं आणि त्यांतल्या दुबळ्या भावाला भाषेचे जादा पाठही दिले. तीन महिन्यांत दोघांच्या बोलण्यात ठळक फरक पडला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की त्यांचा खेळही बदलला. काय करायचं ते मुलं आधी बोलून दाखवू लागली आणि मग तसं करू लागली. भाषा आली तसा बेत आला.

मग भाषादोष असलेली मुलं स्वगताचा आधार घेतात की नाही? घेतात. रंगीत गोळे दांड्यांवरून हलवून नमुन्यासारखी रचना करण्याचं एक कोडं असतं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मुलांना ते सोडवायला दिलं. ती मुलंही स्वतःशी बोलून वाट काढत होती, फक्त त्यांचं स्वगत त्यांच्या वयाच्या मानाने कोवळं होतं आणि आत जायला वेळ घेत होतं. माझ्या खोलीत मला हेच दिसतं. या मुलांमध्ये इच्छा कमी नसते, त्यांच्याकडे शब्द कमी असतात. म्हणून नुसतं 'त्याला पुटपुटू द्या' एवढं सांगून भागत नाही. पुटपुटायला शब्द आपल्याला द्यावे लागतात.

ते कसे द्यायचे, हे मला एका आजींनी शिकवलं. त्यांचा साडेपाच वर्षांचा नातू माझ्याकडे यायचा. शर्टाची बटणं लावताना रोज रडारड व्हायची. वरून सुरुवात करायचा, एक काज चुकायचं आणि शेवटी शर्ट एका बाजूला लोंबायचा. आई घाईत लावून द्यायची. आजींनी एके दिवशी त्याला समोर उभं केलं, स्वतःच्या जुन्या सदऱ्याचं बटण हातात घेतलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "खालून. बटण धर. काज कुठंय? हं, हे. घाल आत. ओढ." दुसऱ्या बटणाला मुद्दाम चुकल्या. "अगंबाई, काज चुकलं. काढ. परत." असं आठ-दहा दिवस चाललं. अकराव्या-बाराव्या दिवशी तो पोरगा माझ्याकडे आला तो दारातच मान खाली घालून उभा. दोन्ही हात शर्टाच्या खालच्या टोकाला. "काल्लून... बत्तन... काद... आत... ओल." तिसरं बटण चुकलं. तो थांबला. त्याची आई पुढे झाली, मी तिला हाताने थांबवलं. "चुकलं," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "पलत." बटण काढून त्याने बरोबर काजात घातलं.

त्या दिवशी त्याच्या 'पलत'मधला 'र' मी दुरुस्त केला नाही. ते काम दुसऱ्या वेळी करायचं. तेव्हा तो शब्द त्याचं हत्यार होता आणि कामात असलेलं हत्यार हातातून काढून घ्यायचं नसतं.

आजींनी केलं त्याला शास्त्रीय वंशावळ आहे. कॅनडातले डोनाल्ड मायकेनबाउम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ साली दुसरीतल्या उतावळ्या मुलांसाठी एक क्रम वापरला. आधी मोठ्याने बोलत मोठा माणूस काम करतो. मग तो बोलतो आणि मूल करतं. मग मूल स्वतः मोठ्याने बोलत करतं, नंतर कुजबुजत, आणि शेवटी मनात. मोठ्यांच्या बोलण्यात एक चूक आणि तिची दुरुस्तीही असावी, हा त्यातला भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण मुलांसमोर कणीक मळतो, दोरी बांधतो, ते सगळं बिनचूक आणि गुपचूप. "पाणी जास्त झालं. सैल झाली. थोडं पीठ घालू," हे त्यांच्या कानावर पडतच नाही. चूक झाल्यावर काय म्हणायचं, हे ज्याला माहीत नाही ते मूल रडतं किंवा काम फेकून देतं.

मराठीत हे काम करताना एक अडचण येते आणि इंग्रजी पुस्तकं तिच्याबद्दल काही सांगत नाहीत, कारण त्यांना ती पडतच नाही. आई "आता मी पीठ घेते, पाणी घालते" असं बोलते. तिचा मुलगा ते उचलतो आणि "घेते, घालते" म्हणू लागतो. कोणताही मराठी मुलगा थोडे दिवस असं बोलतो आणि आपोआप सुधारतो. भाषादोष असलेल्या मुलाचा मात्र आधीच लिंगाचा घोळ असतो, त्यात ही भर पडते. म्हणून या पुस्तकात मुलांना द्यायचं पहिलं स्वगत आज्ञार्थी ठेवलं आहे: घे, घाल, ओढ, थांब. ही रूपं मुलाला आणि मुलीला सारखीच. मुलंही सुरुवातीला स्वतःला असेच हुकूम देतात, जणू आईच आतून सांगते आहे. पुढे 'घालतो', 'ओढते' येतं आणि शेवटी 'आधी हे, मग ते' असा बेत येतो. हुकमाकडून बेताकडे जाणारी ही वाट प्रत्येक मूल आपल्या चालीने चालतं. काहींना दोन महिने लागतात, काहींना दोन वर्षं.

पूर्ण वाक्याचा आग्रहही इथे सोडावा लागतो. "नीट सांग, पूर्ण वाक्यात सांग," हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण स्वगत तुटकच असतं. कोण करतंय आणि कशाबद्दल चाललंय हे बोलणाऱ्याला ठाऊकच असतं. मराठी तर कर्ता गाळायला एरवीही मोकळीक देते. "झालं", "बसलं", "नाही जात" ही स्वगतातली पूर्ण वाक्यंच आहेत.

आणि हे बोलणं घरच्या बोलीतच व्हावं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, घरात जी असेल ती. मूल दोन भाषा ऐकतं म्हणून भाषादोष होतो, हा समज चुकीचा आहे. तरीही "घरी फक्त इंग्रजी बोला" असा सल्ला घेऊन येणारे पालक मला अजून भेटतात. एका जोडप्याने तो सहा महिने पाळला होता. आजी-आजोबा नातवाशी बोलायचे बंद झाले होते, कारण त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ज्या घरात मुलाला शब्द द्यायला चार माणसं होती, तिथे दोनच उरली, आणि तीही परक्या भाषेत अडखळत. असा सल्ला देणाऱ्यांनी आपण मुलाच्या तोंडचं काय काढून घेतो आहोत याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या पद्धतीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नका. मायकेनबाउम यांच्या क्रमाबद्दल सुरुवातीला फार आशा होती. पण अतिचंचल मुलांवर पुढे झालेल्या अभ्यासांत त्याचा फारसा लाभ दिसला नाही. त्याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. तयार वाक्यं पाठ करून घेतली की ती पाठांतरच राहतात. स्वगत कामातून उगवावं लागतं, अडचण खरी असावी लागते आणि शब्द मुलाच्या आवाक्यातले असावे लागतात. भाषादोष असलेल्या मुलांच्या बाबतीत स्वगत हा उपचाराचा एक धागा आहे, पूर्ण उपचार नव्हे. त्याच्या आधी कानांची तपासणी झालीच पाहिजे. वाचा-भाषातज्ज्ञांकडून मुलाचं मूल्यमापन व्हायला हवं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून काम करते आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही अशी सोय असते. तज्ज्ञांची भेट मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतरही, घरी जे करता येईल ते इथे सांगितलं आहे.

शिक्षकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. 'हाताची घडी, तोंडावर बोट' या वाक्यावर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना शांतता का हवी असते, हे मला कळतं. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण गोंगाट आणि पुटपुट यांतला फरक कानाला शिकवता येतो. गोंगाट करणारं मूल दुसऱ्याकडे बघत असतं, पुटपुटणारं मूल आपल्या वहीकडे. ज्याचे डोळे वहीवर आहेत त्याच्या ओठांना हलू द्या. 'मनात वाच' असं सांगण्याआधी त्याच्याकडे मनात वाचण्याइतकी भाषा जमली आहे का, ते पाहा. सूचना देताना "वही, तारीख, फळा" असे तीनच शब्द द्या आणि त्या मुलाला ते एकदा हळू म्हणू द्या. एवढ्याने काही मुलांची दप्तरं उघडतात आणि वहीही बाहेर येते. हे मी पाहिलं आहे.

पुस्तकात पुढे येणारे सगळे खेळ घरात असलेल्या वस्तूंनी खेळता येतात: डाळ-तांदूळ निवडणं, लिंबाचं सरबत, चपला जोडीने लावणं, दप्तर भरणं. दुकानातून काहीही आणावं लागणार नाही.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. मूल एकटंच काहीतरी करत असताना थोडं लांब, पण ऐकू येईल असं बसा. वही-पेन्सिल घ्या. दहा मिनिटं ते जे काही पुटपुटेल ते जसंच्या तसं लिहा, 'पलत' असेल तर 'पलत'च लिहा. मदत करू नका, हसू नका, प्रश्न विचारू नका. काहीच ऐकू आलं नाही तर तेही लिहा, आणि वर तारीख घाला. तो कागद जपून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात तो लागेल.